विनंती थांबा

निडीला आमच्या वाडीसमोर, रस्त्याच्या कडेला एसटीची एक पाटी आहे. तिच्यावर लिहिले आहे, ‘विनंती थांबा’. परवा माझी सहावीतली नात ती पाटी वाचून म्हणाली, “आजी, विनंती कोणी कोणाला करायची गं? आपण गाडीला, का गाडीने आपल्याला?” मी हसून म्हटले, “आपण गाडीला.” पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, पोरीने विचारले ते अगदीच वेडेपणाचे नाही. या साठ वर्षांत मी दोन्ही पाहिले आहे. तेच इथे लिहिते. मी काही लेखिका नाही, अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झालेली बाई आहे. चुकले माकले वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माझे माहेर रोहे तालुक्यातच, पण पार डोंगराच्या कुशीत. मी लहान असताना गावात गाडी नव्हती. बाजाराला जायचे तर चार कोस चालत. आजारी माणूस डोलीतून न्यायचा. बाळंतपणात अडलेली बाई वाटेतच गेली, असे आमच्या आत्याच्या बाबतीत झाले. म्हणून १९७० च्या सुमारास गावाने एसटीकडे अर्ज केला. साहेब जीपमधून पाहायला आले. त्यांनी सांगितले, “रस्ता गाडी चालण्याजोगा करा आणि शेवटाला गाडी वळवायला मोकळी जागा द्या. मग गाडी पाठवतो.”

रस्ता श्रमदानाने झाला. दोन उन्हाळे मुरूम टाकला. टोपल्या सगळ्या गावाने उचलल्या हे खरे, पण त्यातल्या जास्त टोपल्या आमच्या वाडीतल्या बायांच्या डोक्यावर होत्या हेही खरे. मग प्रश्न आला गाडी वळवायच्या जागेचा. गावात आत बोळ, गुरे, वड, पार. गाडी वळणार कुठे? आमची वाडी गावाच्या अगदी टोकाला. वाडीसमोर आमच्या आजोबांचे भाताचे खळे होते. आजोबा म्हणाले, “घ्या आमचं खळं. भात आम्ही मागच्या अंगणात झोडू.”

वाचकहो, आमच्या लोकांना गावाबाहेर का ठेवले हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. पण त्या एका गोष्टीत गावाबाहेर असणे कामी आले. गाडी आमच्या दारात आली. पहाटेची गाडी धरायला पाटलापासून सगळे गाव आमच्या खळ्यावर येऊन उभे राहू लागले. थंडीचे दिवस असले की आमच्या शेकोटीला हात शेकू लागले. आजीला याचे फार नवल वाटे. ती म्हणायची, “जल्मात कोण आमच्या अंगणात आला नव्हता गो. ही लाल बाई आली नि समद्यांना घेऊन आली.”

ती गाडी मुक्कामाची होती. रात्री साडेआठला यायची आणि पहाटे साडेपाचला सुटायची. आजच्या मुलांना मुक्कामाची गाडी म्हणजे काय ते सांगावे लागते. डायवर आणि कंडक्टर दोघे रात्रभर गावातच राहायचे. उन्हाळ्यात टपावर झोपायचे, पावसात आत बाकांवर. पैशांची पिशवी कंडक्टरच्या उशाखाली. त्यांच्या पाण्याची, भाकरीची सोय कोणी करायची हे एसटीच्या कुठल्या कागदात लिहिलेले नसते, ते गावाने पाहायचे. मोबदल्यात गाडी गावाची होऊन जाते. कोणाची परीक्षा असली तर डायवर दोन मिनिटे थांबतो. मुंबईहून आलेले पत्र, औषधाची बाटली, चाळीत राहणाऱ्या पोराला आईने दिलेला डबा, सगळे त्याच्याच हातून जाते. बाबा तेव्हा परळला गिरणीत होते. त्यांचा निरोप कितीदा कंडक्टरने तोंडी आणून दिला आहे.

पहिल्या पावसाळ्यातली एक रात्र माझ्या चांगली लक्षात आहे. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. धो धो पाऊस. गाडी उशिरा आली. कंडक्टर गाडीतून उतरून भिजत आमच्या पडवीत आला आणि म्हणाला, “ताई, थोडं गरम पाणी मिळेल का?” चुलीवर पाणी होते. आईने तांब्या भरला आणि हातात धरून तशीच उभी राहिली. पुढे करीना. मग हळूच म्हणाली, “मास्तर, आमी बौद्ध हाव.”

तो म्हणाला, “बरं मग? पाणी गरम आहे ना?” आणि त्याने हात पुढे करून तांब्या घेतला. तिथेच उभ्याने प्याला, उरलेल्या पाण्याने तोंड धुतले आणि तांब्या परत दिला.

आई नंतर कितीतरी वेळ तो तांब्या घेऊन चुलीपाशी बसून होती. शनिवारी बाबा आल्यावर तिने सांगितले. मी विचारले, “बाबा, तो मास्तर आपल्यातला असेल का?” बाबा म्हणाले, “इचारायचं नाय. त्यानं इचारलं काय आपल्याला?” पुढे तो दोन वर्षे आमच्या मार्गावर होता. तो कोण, कुठला, हे आम्ही कधी विचारले नाही.

आजोबांना मोटारीची जुनी आठवण होती, ती वेगळी. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरायची होती. मुंबईहून महाडला जायची सोयीची वाट म्हणजे बोटीने धरमतर आणि तिथून मोटारीने आपल्या याच भागातून खाली महाड. पण धरमतरचे मोटारवाले आपल्या लोकांना गाडीत घेतील याचा भरवसा नव्हता, बहिष्काराची भीती होती. म्हणून २४ डिसेंबरला परमपूज्य बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक पद्मावती बोटीने लांबच्या वाटेने दासगावला गेले आणि तिथून महाडपर्यंत पाच मैल पायी चालले. आजोबा हे सांगायचे आणि मग अंगणातल्या लाल गाडीकडे बोट दाखवायचे. पुढे काही बोलायचे नाहीत.

त्या काळी मोटार म्हणजे मालकाची मर्जी. कोणाला घ्यायचे, कुठे बसवायचे, भाडे किती, सगळे तोच ठरवणार. स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर सरकारची पहिली एसटी धावली, आणि मग हळूहळू खासगी मोटारी जाऊन त्यांच्या जागी सरकारी गाड्या आल्या. आता भाडे टप्प्याने. पाटलाला जेवढे तेवढेच मोळीविक्या कातकऱ्याला. तिकीट फाडले की बाक तुमचा. ऐकायला ही साधी गोष्ट वाटते. पण माझी आजी पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा बाक रिकामा असून खालीच बसली होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कंडक्टरने तिला दोनदा वर बसायला सांगितले तेव्हा ती बसली, तेही कडेला, अर्धी.

आणखी एक गोष्ट मला कित्येक वर्षे ठाऊक नव्हती. वर्षावासात आमच्याकडे प्रवचनाला एक भन्तेजी आले होते. त्यांनी मुलांना विचारले, एसटीचे बोधवाक्य कोणते? कोणालाच सांगता येईना. ते म्हणाले, “बहुजन हिताय, बहुजन सुखाय. हे शब्द कोणाचे?” मग त्यांनी सांगितले की भगवान बुद्धांनी पहिल्या साठ भिक्खूंना गावोगाव फिरायला पाठवले तेव्हा हेच शब्द सांगितले होते. तेव्हापासून डेपोत हे शब्द दिसले की मी मनात वंदन करते. लोक पाहतात, पाहू देत.

१९८३ साली माझे लग्न होऊन मी निडीला आले. इथे मुक्कामाची गाडी नाही, जाता-येता थांबणारी. इथे मला एक नवीन गोष्ट खटकली. गाडीतल्या बायाबापड्या आमच्या थांब्याला जुन्याच नावाने हाक मारायच्या, ते नाव मी लिहीत नाही. वाईट हेतूने नव्हे, तोंडातच बसलेले. माझे सासरे मात्र दर वेळी मोठ्याने म्हणायचे, “बौद्धवाडी उतरायची आहे!” गाडी थांबेपर्यंत तीनदा म्हणायचे. मला नव्या नवरीला लाज वाटायची. सहा महिन्यांनी एक दिवस कंडक्टरनेच आरोळी दिली, “चला, बौद्धवाडी कोण आहे?” सासरे उतरले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभे राहिले. घरी आल्यावर म्हणाले, “आता मी वरडलो नाय तरी चालंल.” तरी ओरडायचे ते ओरडायचेच.

(पुढे डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर अशी नावे द्यायचे ठरवले. त्यात ‘बौद्धवाडा’ हेही नाव होते. निर्णय चांगला आहे. पण सासऱ्यांनी ओरडून मिळवलेले नाव माझ्या तोंडातून अजून जात नाही.)

१९८६ मध्ये रोह्यापर्यंत रेल्वे आली. निडीला स्टेशन झाले. लोक म्हणाले, आता एसटी कशाला? पण रेल्वे आपल्या वेळेला येणार. ती पनवेल, दिव्याला जाणाऱ्यांच्या कामाची. शाळेला, बाजाराला, सरकारी दवाखान्याला, तहसील कचेरीला जायचे तर एसटीच. नागोठण्याला, धाटावला कारखाने आले त्यांच्या गाड्या रस्त्याने जायच्या, पण त्या त्यांच्या कामगारांच्या. आम्ही हात केला तरी थांबत नसत, आणि त्यांनी थांबावे असे कुठे लिहिलेलेही नव्हते.

एसटीला खरा धक्का दिला मिनिडोरने, आणि तो आम्हीच दिला. गाडीची वेळ सहाची. पावणेसहाला मिनिडोर यायचा, “चला ताई, चला काकू” करीत. कोण थांबतो पंधरा मिनिटे? सहाची एसटी यायची तेव्हा थांब्यावर दोन म्हाताऱ्या आणि पासवाल्या पोरी. एसटीत प्रत्येक फेरीचा हिशेब असतो, त्याला भारमान म्हणतात. किती बाक भरले, किती रिकामे आले, हे कंडक्टरच्या वे-बिलावर लिहिलेले असते. आमची संध्याकाळची गाडी महिनोन्महिने रिकामी गेली आणि एक दिवस यायची थांबली. पहिले चार दिवस तर कोणाच्या ध्यानातही आले नाही. सांगायला लाज वाटते, पण माझ्याही ध्यानात आले नाही.

ध्यानात आले ते माझ्या मुलीमुळे. २००२ साली ती रोह्याला अकरावीत होती. तिच्याकडे एसटीचा सवलतीचा पास, म्हणजे भाड्याच्या तिसऱ्या हिश्शात महिनाभर जाणे-येणे. पास मिनिडोरला चालत नाही. रोज रोख पैसे. आमच्या घरात तेव्हा माझ्या अंगणवाडीच्या मानधनावर भागत होते, कारण यांच्या कारखान्यातले ठेकेदारीचे काम सुटले होते. आणि मिनिडोर भरल्याशिवाय हलत नाही. एका संध्याकाळी, श्रावणाचे दिवस, तो भरलाच नाही. पोरगी आणि तिची एक मैत्रीण अंधारातून चालत आल्या. साडेनऊला दारात उभ्या, पायात चिखल, तोंडातून शब्द नाही. वाटेत दोन मोटारसायकलवाले बराच वेळ मागेपुढे करीत होते, एवढेच तिने नंतर सांगितले. हे म्हणाले, “पुरे झालं कॉलेज.”

त्या रात्री मी जेवले नाही. आईचा तांब्या आठवत होता, सासऱ्यांची आरोळी आठवत होती, आणि एवढे करून दारात आलेली गाडी आम्ही पंधरा मिनिटांसाठी घालवली होती.

दुसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या बायांना बोलावले. अर्ज करायचा ठरला. पण नुसता अर्ज नेला तर साहेब वे-बिल दाखवणार, मग काय बोलणार? आमच्यात एक बाई चौथी शिकलेली, पण डोक्याने वकील. ती म्हणाली, “मिनिडोरात किती जातात ते मोजू या.” आठ दिवस आम्ही पाळीपाळीने थांब्यावर वही घेऊन बसलो. कोण कुठून आला, किती वाजता, पासवाली मुले किती, दवाखान्याचे किती, सगळे लिहिले. लोक हसले. एक मिनिडोरवाला म्हणाला, “काकू, शिरगणती चाललीय काय?” त्याचे पोट त्यावर, त्याचाही राग नव्हता.

वही, सह्यांचा अर्ज आणि शाळा-कॉलेजच्या मुलींची यादी घेऊन आम्ही सहा जणी आगारात गेलो. साहेबांनी वही पाहिली. पाने उलटीत राहिले. मग म्हणाले, “ताई, अर्ज रोज येतात. वही कोणी आणत नाही.” पुढे म्हणाले, “गाडी सोडतो. पण मला भारमान द्या. महिन्याभराने पुन्हा पाहणार.”

म्हणजे आता विनंती गाडीने आम्हाला केली होती!

तो महिना फार कठीण गेला. गाडी मिळवणे सोपे होते असे वाटावे इतका. मिनिडोर समोर उभा, पाऊस, डोक्यावर बाजाराची टोपली, आणि एसटीसाठी थांबायचे. दोघी-तिघी आम्हाला चुकवून मिनिडोरात बसल्या. एकीशी माझे भांडण झाले, ते दोन वर्षे टिकले. आमचे हे स्वतः एकदा मिनिडोरातून आलेले मी पाहिले. काही बोलले नाही, फक्त त्या रात्री ताट वाढताना जरा जोरात ठेवले. दुसऱ्या दिवसापासून ते एसटीने आले.

मुलगी तेव्हा कॉलेजच्या वाचनालयातून पुस्तके आणायची. तिने एक दिवस अमेरिकेतल्या माँटगोमेरी गावाची गोष्ट वाचून सांगितली. तिथे काळ्या लोकांना बसमध्ये गोऱ्यांसाठी उठावे लागे. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स नावाची शिवणकाम करणारी बाई उठली नाही. तिला अटक झाली आणि ५ डिसेंबरपासून तिथल्या काळ्या लोकांनी बसमध्ये बसणेच सोडले. ३८१ दिवस ते चालले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले, पण बसमध्ये चढले नाहीत. बस कंपनीचे बहुतेक उतारू तेच होते, तिचे बाक रिकामे पडले. शेवटी कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २० डिसेंबर १९५६ ला बहिष्कार संपला. मी बोटांवर मोजले. आपली धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणजे इकडे नागपूरला आपले लोक दीक्षाभूमीकडे निघाले होते तेव्हा तिकडे ती माणसे पायी कामावर जात होती.

मुलगी म्हणाली, “आई, त्यांनी बस रिकामी करून दाखवली. आपल्याला भरून दाखवायची आहे.” मी म्हटले, “त्यांचं सोपं होतं म्हणायचं.” ती रागावली. बरोबरच होते तिचे. सोपे कोणाचेच नव्हते.

महिना संपला. गाडी राहिली. मुलगी बी.ए. झाली, पुढे डी.एड. करून शिक्षिका झाली. आजही तिच्या कपाटात ते एसटीचे जुने पास रबर लावून ठेवलेले आहेत.

त्यानंतर एसटी आणि आम्ही, दोघांनीही बरेच पाहिले. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. तेव्हा आमच्यापैकी काहींनी, ज्यांनी वर्षानुवर्षे त्या कंडक्टरांच्या हातून तिकिटे घेतली, त्यांच्या घरी तांदूळ पोचवले. त्यांचा पगार किती तुटपुंजा हे आम्हाला तोपर्यंत माहीतही नव्हते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, आणि ज्या गाडीत आम्ही माणसे जमवून बसवली तिच्यात आता बायकांना उभे राहायला जागा नाही. ज्या मैत्रिणीशी मी भांडले होते, ती आता दर आठवड्याला बाजाराला एसटीने जाते आणि मलाच म्हणते, “चल की गं, अर्धंच तिकीट आहे.” जानेवारी २०२५ मध्ये भाडे वाढले तेव्हाही गर्दी हलली नाही. त्या जूनमध्ये विद्यार्थ्यांचे पास थेट शाळेत द्यायचे एसटीने ठरवले, ते फार बरे झाले. पूर्वी पोरींचा अख्खा दिवस पासाच्या रांगेत जायचा.

परवा आमच्या गाडीला एक नवीन कंडक्टर मुलगी होती. वय असेल पंचवीस. हातात तिकिटाचे मशीन. मी म्हटले, “बौद्धवाडी.” तिने मशीनमध्ये पाहिले आणि म्हणाली, “आज्जी, हे नाव टप्प्यात नाही, मागच्या टप्प्याचं तिकीट देते. पण थांबवते हं तिथे.” आणि थांबवली. उतरताना माझी पिशवीही खाली दिली.

ते टप्प्यातले नाव माझ्या मनात राहिले आहे. शिवाय थांब्याला शेड नाही. पावसात पोरी समोरच्या टपरीच्या वळचणीला उभ्या राहतात, ते मला पटत नाही. एसटीने जुलै २०२४ मध्ये आगारांत ‘प्रवासी राजा दिन’ सुरू केला, साहेबांनी बसून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या म्हणून. ग्रामपंचायतीकडे शेडचा अर्ज गेला आहे, आगारात नावाचा द्यायचा आहे. नातीला मी बरोबर नेणार आहे, विनंती कोणी कोणाला करायची ते तिचे तिने पाहावे. सकाळ-संध्याकाळ आमच्या थांब्यावर किती जण चढतात-उतरतात ते गेल्या सोमवारपासून ती शाळेच्या जुन्या वहीत लिहून ठेवते आहे. रविवारचे मात्र तिने लिहिलेले नाही, झोपून राहिली.